नाटकात पैसे घालायचेत: आम्ही पाच जणी, १० लाख. हिशोब आणि करार कसा तपासावा?

डोंबिवलीकरीण

आम्ही पाच जणी आहोत, वय ४५ ते ६०. प्रत्येकी २ लाख, म्हणजे एकूण १० लाख. एफडी, फंड, सोनं हे सगळं आपापल्या जागी आहे. हे पैसे त्यापलीकडचे, बुडाले तर कुणाचं घर अडणार नाही.

एका नव्या व्यावसायिक मराठी नाटकाचं बजेट २५ लाख आहे आणि त्यातले १० लाख आम्ही घालावेत असा प्रस्ताव आलाय. हातात एक पान दिलंय. त्यावर तीन ओळी: नफ्यात ४० टक्के वाटा, दरमहा २ टक्के परताव्याची हमी, जाहिरातीत सहनिर्मात्या म्हणून नाव. संहिता ऐकली, चांगली आहे. प्रमुख भूमिकेत मालिकेतला ओळखीचा चेहरा आहे.

पैसे नेमके कशातून आणि किती प्रयोगांनी परत येतात? कागद काय करून घ्यायचे? पाच जणींनी वेगवेगळे द्यावेत की एकत्र? कराचं काय? 'नाटकात पैसे घालू नका' हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तो इथे नको :)

---

हिशोबनीस

ताई, संहिता बाजूला ठेवा आणि निर्मात्याकडे एका प्रयोगाचा हिशोब मागा. पैसे प्रयोगागणिक परत येतात, त्यामुळे सगळा खेळ त्या एका पानावर आहे. ते पान देत नसतील तर पुढे बोलायची गरज नाही.

समजण्यासाठी उदाहरणाचे आकडे घेतो. तुमच्या नाटकाचे वेगळे असतील, पण रचना हीच.

नाट्यगृह ९०० आसनांचं. ५०० रुपयांच्या ३५०, ४०० च्या २५० आणि ३०० च्या ३०० जागा. हाऊसफुल्ल झालं तर ३,६५,००० येतात, म्हणजे सरासरी तिकीट साधारण ४०५ रुपये.

खर्च: नाट्यगृहाचं भाडं, वीज आणि एसी २२ हजार. कलाकारांच्या नाईट, म्हणजे प्रत्येक प्रयोगाचं मानधन, ४९ हजार (प्रमुख २५, दुसरा १२, उरलेले तिघे ४-४). लेखक, दिग्दर्शक, संगीत, नेपथ्य, प्रकाश यांचं प्रयोगागणिक मानधन १३ हजार. बॅकस्टेज, रंगभूषा, कपडेपट, लाईट-साउंड चालवणारे १२ हजार. टेम्पो आणि बस १२ हजार. वर्तमानपत्र आणि समाजमाध्यमांतली जाहिरात २५ हजार. व्यवस्थापक, बुकिंगचं कमिशन, चहा-नाश्ता ९ हजार. बेरीज १,४२,०००.

म्हणजे साडेतीनशे तिकिटं खपली की तो प्रयोग आपल्या पायावर उभा. त्याच्या वरचं प्रत्येक तिकीट म्हणजे वरकड.

आता गंमत बघा. सरासरी ४५० तिकिटं खपली तर प्रयोगामागे सुमारे ४०,५०० उरतात आणि २५ लाख वसूल व्हायला ६२ प्रयोग लागतात. सरासरी ३८० वर आली तर उरतात फक्त १२ हजार, आणि तेच २५ लाख वसूल व्हायला दोनशेच्या वर प्रयोग. सत्तर तिकिटांचा फरक, म्हणजे साधारण तीन रांगा! म्हणून 'नाटकाला प्रतिसाद उत्तम आहे' या वाक्याला अर्थ नाही. सरासरी तिकिटं किती, ते विचारा. त्यात पास धरू नका. पत्रकार, नाट्यगृहाचे राखीव, कलाकारांचे घरचे असे वीस-तीस पास सहज जातात आणि प्रेक्षागृह भरलेलं दिसतं.

दुसरं, २५ लाख कुठे जाणार हे खात्यांनुसार लिहून घ्या. एक ठीक वाटणी अशी: नेपथ्य ६ लाख, तालमीचा हॉल आणि भत्ते दीड, कपडे १, संगीत आणि ध्वनिमुद्रण सव्वा, प्रकाश अर्धा, लेखक-दिग्दर्शकाचे आगाऊ पैसे अडीच, शुभारंभाआधीची प्रसिद्धी साडेचार, परवाने आणि किरकोळ पाव. झाले साडेसतरा. उरलेले साडेसात लाख शुभारंभानंतरच्या पहिल्या पंधरा प्रयोगांचा तोटा भरायला राखीव. हे शेवटचं खातं बहुतेक बजेटांत नसतंच. फिरत्या रंगमंचावर आणि पोस्टरवर सगळे पैसे संपतात, आणि तोंडी प्रसिद्धी पसरायला लागते त्या सुमारास, म्हणजे आठव्या-दहाव्या प्रयोगाला, जाहिरातीला पैसे नसतात. बऱ्यापैकी नाटकं तिथे बंद पडतात. वाईट नाटकं तर पडतातच.

आता तुमचे १० लाख. राखीव रक्कम पहिल्या पंधरा प्रयोगांत गेली आणि सोळाव्यापासून सरासरी ४५० तिकिटं खपली असं धरा. वसुली ७७ व्या प्रयोगाला. त्यानंतरचा नफा भांडवलदार आणि निर्मात्याची संस्था निम्मा-निम्मा घेतात असं ठरलं, तर भांडवलदारांच्या निम्म्यात तुमचे ४० टक्के. १०० व्या प्रयोगाला तुमचे १० लाख परत, वर सुमारे १ लाख ८६ हजार. महिन्याला आठ प्रयोग म्हटलं तर याला वर्षभर लागतं. आणि नाटक ३० व्या प्रयोगाला थांबलं तर हातात येतात साधारण २ लाख ४३ हजार. सेटच्या फ्लॅट्स, म्हणजे नेपथ्याच्या भिंती, विकून काही मिळत नाही, उलट गोडाऊनचं भाडं चढतं.

तुमच्या पानावरचे 'नफ्यात ४० टक्के' हे एकूण नफ्याचे की भांडवलदारांच्या निम्म्याचे? दुसरं असेल तर तो एकूण नफ्याचा २० टक्के वाटा झाला. हा प्रश्न आजच विचारा.

---

विंगेतून

हिशोबनीसांचं गणित बरोबर आहे, पण त्यातलं 'महिन्याला आठ प्रयोग' हे आपोआप होत नाही. तारखा लागतात.

नाट्यगृहांत, विशेषतः महापालिकांच्या, तारखांचं वाटप काही महिन्यांचं एकदम होतं आणि त्यात जुन्या, नियमित प्रयोग करणाऱ्या संस्थांना झुकतं माप असतं. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, तुमचं सावित्रीबाई फुले, पुण्याचं बालगंधर्व आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, इथली रविवार दुपारची चारची वेळ आणि मंगळवार रात्रीची साडेआठची वेळ यांत शंभर-दोनशे तिकिटांचा फरक सहज पडतो. नव्या संस्थेच्या वाट्याला आधी मंगळवार येतो. म्हणून नवे निर्माते जुन्या संस्थेचा हात धरतात. जाहिरातीत 'अमुक निर्मित, तमुक प्रकाशित' असं दिसतं ते बऱ्याचदा यासाठी. त्या हात धरण्याचेही पैसे असतात, ते प्रयोगाच्या हिशोबात दाखवलेत का बघा. तारीख दुसऱ्या संस्थेला वापरायला देता येते का, हे त्या त्या नाट्यगृहाच्या नियमावलीत वाचा.

पुढच्या तीन महिन्यांच्या तारखांची यादी मागा: नाट्यगृह, वार, वेळ आणि तारीख कुणाच्या नावावर आहे ते. शनिवार-रविवारच्या तारखा एकतृतीयांशसुद्धा नसतील तर सरासरी ४५० चं स्वप्न विसरा.

तारखा हातात असूनही जातात. निवडणुकीच्या काळात सभागृहं सभांना जातात. दहावी-बारावीच्या परीक्षा, आयपीएल, मुंबईचा जुलै, पितृपक्ष, सगळ्यांचा बुकिंगवर परिणाम होतो. नाट्यगृह दुरुस्तीला बंद होतं, गडकरी २०२४ मध्ये झालंच होतं. कोल्हापूरचं केशवराव भोसले तर ८ ऑगस्ट २०२४ ला आगीत गेलं. सेटचा विमा वाहतूक आणि गोडाऊनसकट काढा. हप्ता फार नसतो, पण काढत कुणी नाही.

मालिकेतल्या चेहऱ्याबद्दल. बुकिंगला तो उपयोगी आहेच. पण त्याच्या मालिकेच्या करारात नाटकासाठी सुट्टी लिहिलेली आहे का? चॅनेलने महाएपिसोड लावला की रविवार गेला. नाटकाच्या करारात किमान प्रयोगसंख्या (निदान ७५), सोडण्याआधी ४५ ते ६० दिवसांची सूचना आणि बदली कलाकाराच्या तालमींना सहकार्य, एवढं तरी हवं. तुम्ही 'चेहऱ्या'कडे बघून पैसे देताय, तर 'पहिल्या ५० प्रयोगांच्या आत प्रमुख कलाकार सोडून गेला तर उरलेले हप्ते द्यायला आम्ही बांधील नाही' हे कलम तुमच्या करारात घाला.

म्हणजेच १० लाख एकदम देऊ नका. ३ लाख रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाचं सेन्सॉर बोर्ड) प्रमाणपत्र आणि लेखकाचा करार पाहून, ३ लाख रंगीत तालमीच्या आधी, आणि ४ लाख शुभारंभानंतर पाचव्या प्रयोगाचा हिशोब हातात आल्यावर. निर्माता कुरकुरेल. पण राखीव खात्याचे पैसे तसेही तेव्हाच लागतात.

लेखकाचा करार मूळ प्रत पाहून घ्या. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी दिलेले असावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि वेगळं काही ठरलं नसेल तर वर्षभरात हक्क वापरले नाहीत की ते लेखकाकडे परत जातात. तालमी रखडलेल्या नाटकाला हे कलम चावतं. गुजराती-हिंदी रूपांतर, चित्रीकरण आणि ओटीटी यांचे हक्क कुणाकडे आणि त्यातून येणाऱ्या पैशात तुमचा वाटा किती, हेही तिथेच. कधी कधी नाटकाची खरी कमाई या बाजूने येते, आणि सहनिर्मात्यांच्या कागदावर तिचं नावही नसतं.

---

डोंबिवलीकरीण

दोघांचेही आभार, वहीत उतरवून घेतलंय. निर्मात्यांना विचारलं: ४० टक्के हे भांडवलदारांच्या निम्म्यातलेच. तारखांची यादी 'देतो' म्हणाले. दरमहा २ टक्के हमीचं मात्र कुणी बोललं नाही. आम्हाला तोच धीर वाटत होता. आणि 'पाच जणींनी भागीदार व्हा, फर्मच्या कागदावर सह्या करा' असं म्हणतायत.

---

कागद_आधी

ज्याचा धीर वाटतोय त्याचीच भीती बाळगा. नाटकाच्या वरकडीतून येणाऱ्या पैशाची हमी देता येत नाही. पहिले चार-सहा महिने 'व्याज' मिळेल, ते तुमच्याच १० लाखांतून. वर, सरसकट लोकांकडून निश्चित परताव्याचं आश्वासन देऊन पैसे गोळा करणं अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, २०१९ च्या कक्षेत जाऊ शकतं, आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे तो वेगळाच. तो निर्माता आणखी कुणाकुणाकडून याच हमीवर पैसे घेतोय ते विचारा. ती ओळ काढायला लावा. काढली आणि तरी प्रस्ताव बरा वाटला, तर पुढे जा.

फर्मच्या कागदावर सही करू नका. १९३२ च्या भागीदारी कायद्याखालच्या साध्या फर्ममध्ये प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. तुम्ही भागीदार झाल्यावर संस्थेच्या दुसऱ्या नाटकांची थकणारी बिलं, जाहिरात एजन्सीचं देणं, सगळं तुमच्या एफडीपर्यंत येऊ शकतं. 'नावापुरती भागीदार' असा प्रकार कायद्यात नाही. बायकांची नावं अशा कागदांवर फार सहज घातली जातात.

मला योग्य वाटणारी रचना अशी: पाच जणींची स्वतःची एक एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा आणि ती एलएलपी त्या एकाच नाटकासाठी निर्मात्याशी सहनिर्मितीचा करार करेल. तुमची जोखीम घातलेल्या १० लाखांपुरती राहते, निर्मात्याला पाच जणींऐवजी एकीशी बोलायचं असतं, आणि उद्या एकीला बाहेर पडायचं असेल तर तो तुमचा आपसातला मामला. दोन नियुक्त भागीदार लागतात. त्यांची डिजिटल सही त्यांच्याच ताब्यात ठेवा. सीएच्या ड्रॉवरमध्येही नको, नवऱ्याच्या लॅपटॉपमध्येही नको. भांडवल २५ लाखांच्या आणि उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर एलएलपी कायद्याखाली ऑडिट लागत नाही. पण फॉर्म ११ (३० मेपर्यंत), फॉर्म ८ (३० ऑक्टोबरपर्यंत) आणि आयकर विवरण दरवर्षी, नाटक बंद पडलं तरी. सीएचे हे पैसे तुमच्या परताव्यातून वजा धरा. एका नाटकापुरतंच करायचं असेल तर हा खर्च जड जातो हे खरं. तेव्हा पाच जणींच्या सह्यांचा थेट करारही चालेल, फक्त 'हा करार भागीदारी नाही, तोट्याची जबाबदारी दिलेल्या रकमेपुरती' हे वाक्य वकिलाकडून नीट लिहून घ्या.

कर. एलएलपीच्या नफ्यावर ३० टक्के अधिक ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. तो भरल्यावर नफ्याचा वाटा तुमच्या हातात करमुक्त. तोटा मात्र एलएलपीतच अडकतो. आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण तुमच्या पगारातून किंवा व्याजाच्या उत्पन्नातून वजा होत नाही. त्याउलट, हे पैसे तुम्ही वैयक्तिक कर्ज म्हणून दिले आणि बुडाले, तर सावकारीचा धंदा नसलेल्या माणसाला ते करात वजा मिळत नाहीत. करारात 'भांडवलाची परतफेड' आणि 'नफ्याचा वाटा' ही दोन खाती वेगळी लिहा, नाहीतर स्वतःचेच परत आलेले पैसे उत्पन्न नाहीत हे सिद्ध करत बसाल.

पैसे कुठून आले तेही बघा. स्वतःचा पगार, पेन्शन, माहेरचं स्त्रीधन असेल तर प्रश्न नाही. नवऱ्याने किंवा सासू-सासऱ्यांनी भेट दिलेल्या पैशावरचं उत्पन्न मात्र देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. प्रत्येकीने आपापल्या खात्यातून थेट बँकेमार्फत द्यावेत. एकीने सगळ्यांचे गोळा करून देऊ नयेत.

जीएसटी: तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाटकाच्या प्रवेशावर कर नाही, त्यावर गेलं की १८ टक्के. इतक्या नाटकांचं तिकीट ५०० लाच थांबलेलं दिसतं त्याचं एक कारण हे. पण करमाफी म्हणजे इनपुट क्रेडिटही (खर्चावर भरलेल्या कराची वजावट) नाही, म्हणून ऑनलाइन बुकिंगच्या कमिशनवर, साउंडच्या भाड्यावर लागलेला कर खर्चातच जातो. बजेटमधले आकडे करासहित आहेत की कराविना, विचारा.

राहिली गळती. तीन ठिकाणं बघायची. निर्माता स्वतः प्रयोगामागे 'संस्था खर्च' म्हणून काही घेतो का. त्याची एकाच वेळी तीन नाटकं चालू असतील तर एकत्र जाहिरातीचा खर्च कोणत्या प्रमाणात वाटतो. आणि कॉन्ट्रॅक्ट शोचे, म्हणजे ठरलेल्या रकमेला विकलेल्या प्रयोगांचे, पैसे याच हिशोबात येतात का. उपाय एकच: या नाटकाचं बँक खातं वेगळं, तुम्हाला ते ऑनलाइन बघायची सोय, आणि प्रत्येक प्रयोगानंतर सात दिवसांत हिशोब: बुकिंगच्या प्लॅनचा (आसनांच्या तक्त्याचा) फोटो, ऑनलाइन विक्रीचा अहवाल, खिडकीवरची विक्री, खर्चाच्या पावत्या. नाईट पाकिटातून रोख देण्याची पद्धत अजून आहे, पण एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिलं तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. प्रमुख कलाकाराची २५ हजारांची नाईट रोखीत गेली तर कागदावरचा नफा फुगतो आणि त्यावरचा कर तुमच्याही वाट्याला येतो.

---

हिशोबनीस

रोखीवरून आठवलं: ऑनलाइन तिकिटांचे पैसे त्याच रात्री मिळत नाहीत, नाईट मात्र त्याच रात्री द्यावी लागते. आठवड्याला दोन प्रयोग असतील तर दीड-दोन लाख कायम वाटेत अडकलेले असतात. बुकिंग चांगलं असूनही निर्माता उसनवारी करताना दिसतो तो यामुळे. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांना गर्दी होती आणि तरी डोक्यावर कर्ज होतं, हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. (त्यात अत्तर आणि भरजरी शालूही होते, ते सोडा.)

---

जर्सीकर

तुलनेसाठी: ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी) रूढ पद्धत अशी की आधी गुंतवणूकदारांचं भांडवल पूर्ण परत जातं, त्यानंतरचा नफा सहसा गुंतवणूकदार आणि निर्माते निम्मा-निम्मा घेतात. म्हणजे तुम्हाला सांगितलेली निम्म्याची अट जगावेगळी नाही. भांडवल वसूल करणारी नाटकं तिथेही थोडीच. फरक कागदांचा. तिथे जोखमीचं निवेदन आणि साप्ताहिक खर्चाचं बजेट हातात पडल्याशिवाय कुणी चेक लिहीत नाही.

---

बाल्कनी_सी_१२

१० लाखांआधी एक छोटी पायरी घ्या: एक प्रयोग विकत घ्या. आधीच चालू असलेल्या नाटकाचा कॉन्ट्रॅक्ट शो. ठरलेली रक्कम निर्मात्याला द्यायची, नाट्यगृह तुम्ही घ्यायचं की त्यांनी ते ठरवायचं, आणि तिकिटं पाच जणींनी विकायची. वरच्या उदाहरणाच्या आकड्यांत हा व्यवहार दीड-पावणेदोन लाखांत बसतो आणि महिन्या-दीड महिन्यात संपतो. नवरात्र, ८ मार्च, सोसायट्या, महिला मंडळं, भिशीचे ग्रुप, हे तुमचं हक्काचं गिऱ्हाईक. मात्र गठ्ठ्याने घेणाऱ्यांना १५ टक्के सूट दिलीत की सरासरी तिकीट ४०५ वरून ३४५ च्या आसपास येतं, तेव्हा सूट मागच्या रांगांनाच द्या. पुढच्या रांगा तशाही आधी जातात.

त्या रात्री तिकीट खिडकीवर एकीने आणि विंगेत एकीने उभं राहायचं. प्लॅनवर खुणा कशा होतात, पास किती निघतात, टेम्पोवाल्याला आणि बॅकस्टेजला किती दिलं जातं, सगळं समोर दिसतं. मग निर्मात्याच्या पानावरचा '९ हजार किरकोळ' खरा की खोटा ते तुम्हीच सांगाल.

लता नार्वेकर, मुक्ता बर्वे यांनी आपल्या नावावर नाटकं उभी केली आहेत, त्यामुळे बाई निर्माती म्हटल्यावर थिएटरात कुणी वळून बघत नाही. सहनिर्मात्या म्हणून जाहिरातीत नाव येणार असेल तर ते कितव्या ओळीत आणि केवढ्या अक्षरात, तेही करारात लिहून घ्या. त्यावरून होणारी भांडणं पैशांच्या भांडणांपेक्षा जास्त दिवस चालतात.

---

डोंबिवलीकरीण

ठरलं. हमीची ओळ आम्ही काढायला सांगतो, फर्मवर सही नाही, आणि तारखांची यादी आल्याशिवाय पुढची भेट नाही. दरम्यान सावित्रीबाई फुलेला नवरात्रातली एखादी दुपार मिळते का, ते उद्या ऑफिसात जाऊन विचारते.